शून्य छेद म्हणजे एकच इतिहास नव्हे

वटपौर्णिमेपासून बडोद्यातल्या आपल्या मराठी गटांत एक चित्र फिरतंय. डावीकडे वड, पिंपळ, उंबर यांचा वंशवृक्ष, उजवीकडे त्यांच्या फळांत शिरून परागीभवन करणाऱ्या बारीक माश्यांचा, मध्ये जोड्या जुळवणाऱ्या रेषा. खाली मजकूर: ‘एकही रेघ दुसरीला छेदत नाही, म्हणजे झाड आणि माशी बरोबरीनेच बदलत आली. चित्र संगणकाने काढलंय, शंकेला जागा नाही.’ दांडिया बाजारातल्या तिघांनी मला ते पाठवलं. विषय जिव्हाळ्याचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

‘एकही छेद नाही, म्हणजे दोन्ही वृक्ष सारखे.’ हे साफ चूक आहे, आणि कागद-पेन्सिल घेऊन दोन मिनिटांत पडताळता येतं. डावीकडे वरून खाली क, ख, ग, घ लिहा. आधी क वेगळा पडला, मग ख, शेवटी ग-घ ही जोडी उरली, असा वृक्ष काढा. उजवीकडेही तोच क्रम ठेवा, पण तिथे आधी घ वेगळा पडला, मग ग, शेवटी क-ख ही जोडी उरली. आता रेषा ओढा: चारही सरळ, छेद शून्य. पण एका फांदीवरचे सगळे मिळून एक गट धरला, तर डावीकडचे गट ग-घ आणि ख-ग-घ, उजवीकडचे क-ख आणि क-ख-ग. एकही गट सामाईक नाही!

उलटंही होतं. वंशवृक्षाचा प्रत्येक बेचका पाळण्यावरच्या चिमणाळ्यासारखा फिरतो. वरच्या फांद्या खाली गेल्या तरी नातं बदलत नाही. क-ख आणि ग-घ अशा दोन जोड्यांचा एकच वृक्ष दोन्हीकडे काढा आणि उजवीकडचे तिन्ही बेचके उलटे करा. वृक्ष तंतोतंत तोच, छेद मात्र ६. दामिएं द व्हिएन या संशोधकांनी २०१९ साली नेमकं हेच मांडलं, की वृक्ष किती जुळतात हे अशा चित्रांवरून नजरेने ठरवणं दिशाभूल करतं. सामाईक गट मोजायची रॉबिन्सन-फाउल्ड्स पद्धत १९८१पासून आहे, ती वापरावी.

‘संगणकाने काढलंय.’ बेचके फिरवून छेद शून्यावर आणता येतात का, हे संगणक झटकन सांगतो. येत नसतील, तर कमीत कमी किती, हे शोधणं अवघड. प्रत्येकी २० प्रजाती असल्या तर दोन्ही वृक्षांत १९-१९ बेचके, म्हणजे २चा ३८वा घात, सुमारे २७,४८८ कोटी मांडण्या. एक वृक्ष जागचा हलवायचा नाही असं ठरवलं तर उत्तर लवकर मिळतं. दोन्ही मोकळे सोडले की हा प्रश्न ‘एनपी-पूर्ण’ गटात जातो, म्हणजे सगळ्या उदाहरणांना लागू पडणारी झटपट रीत आजवर कुणाला सापडलेली नाही. त्यामुळे बहुतेकदा संगणक देतो ती चांगली मांडणी असते, सर्वोत्तम असेलच असं नाही. आणि सर्वोत्तम असली तरी ती वाचायला सोपी, एवढंच.

‘बरोबरीनेच बदलत आली.’ वडाची स्वतःची माशी आहे, युप्रिस्टिना मेसोनी, आणि ते नातं खरंच विलक्षण आहे. पण याच कुळातल्या काही झाडांचं परागीभवन एकाहून अधिक जातींच्या माश्या करतात, काही माश्यांनी झाड बदललेलं आहे. आणि वृक्षांचा आकार जुळला तरी फांद्या एकाच काळात फुटल्या हे सिद्ध होत नाही. त्यासाठी काळाचा वेगळा पुरावा लागतो. अमेरिकेतले गोफर (बिळं करणारे उंदरासारखे प्राणी) आणि त्यांच्या अंगावरच्या उवा यांच्यावरचं १९९४चं काम बघा. तिथे दोघांतलं एकच जनुक वाचून फांदीला फांदी ताडून पाहिली होती, आणि उवांच्या जनुकात बदल जास्त वेगाने साठल्याचं त्यातूनच कळलं.