निमगोरीच्या अलीकडे, सावळीच्या पलीकडे

आमच्या नाशकात काळाराम आहे आणि गोरेरामही आहे. मधल्या रंगाची सोय देवांच्यातही नाही, मग मेन रोडवरच्या कॉस्मेटिक्सवाल्याने ती का करावी?

माझ्या लग्नाच्या वेळी आईने माहितीपत्रकात 'निमगोरी' लिहिलं होतं. मामाने ते खोडून 'गव्हाळ' केलं. सासरचा पहिलाच उन्हाळा संपता संपता सासूबाईंनी 'सावळीच आहे, पण तरतरीत आहे' असा अंतिम निकाल दिला. वीस वर्षं मी त्यावर अपील केलं नाही. मग पुतणीचं लग्न ठरलं.

"काकू, या वेळी पावडर फासून यायचं नाहीये हं. फाउंडेशन घे. आधी अंडरटोन बघ."

अंडरटोन म्हणजे कातडीखालचा रंग, हे मला त्या दिवशी कळलं. मनगटाच्या शिरा हिरवट दिसल्या तर वॉर्म, निळ्या-जांभळ्या दिसल्या तर कूल. माझ्या शिरा स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटखाली हिरव्या होत्या, गच्चीवर निळ्या झाल्या आणि खाली परत येईपर्यंत दिसेनाशाच झाल्या. "बीपी तपासून घे," सासूबाई निवडत्या मेथीवरून मान वर न करता म्हणाल्या.

दुकानातल्या मुलीने विचारलं, "मॅडम, शेड?"

"गव्हाळ."

तिने आत हाक मारली, "दादा, गव्हाळ आहे का आपल्याकडे?" आतून उत्तर आलं, "त्या कंपनीचा माल येत नाही."

मग तिने एकेक बाटली काढली. हनी, आल्मंड, कॅरमल, टॉफी. मी वाणसामान आणायला आले आहे की तोंडाला लावायला, तेच कळेना. गोऱ्यांसाठी म्हणून ज्या शेड्स होत्या त्यांना पोर्सेलिन, आयव्हरी अशी खानदानी नावं. आमचा रंग सुरू झाला की थेट खाऊ. तिने माझ्या पालथ्या हातावर एक थेंब चोळला, "एकदम मॅच," म्हणाली आणि पाच मिनिटांत पिशवी माझ्या हातात होती.

ती बाटली लावून मी साखरपुड्याला गेले. आरशात ठीक होतं. फोटो आले तेव्हा मात्र पैठणीतल्या बायकांच्या रांगेत मधोमध एक भस्म फासलेला साधू उभा होता. सिंहस्थ 2027 चा, मी अंमळ आधी पोचले. दोष एकट्या शेडचा नव्हता. बाटलीवर मी कौतुकाने वाचलेलं 'एसपीएफ', म्हणजे उन्हापासूनचं संरक्षण, होतं ना, त्यात बऱ्याचदा टायटॅनियम डायऑक्साइड असतो, भिंतीच्या पांढऱ्या रंगातला. फ्लॅश पडला की तो उजेड जसाच्या तसा परत फेकतो. अर्थात, उघडलेला माल परत घेत नाहीत.

दुसऱ्या खेपेला पुतणी फोनवर हजर होती. "हातावर नाही गं, जबड्याच्या कडेला लाव. चेहरा आणि मान एक दिसली पाहिजे."

इथेच तर खरी मेख. नाशकातली स्कूटर चालवणारी बाई चेहरा स्कार्फने असा बांधते की फक्त कपाळाची पट्टी आणि डोळे उघडे राहतात. त्यामुळे माझं कपाळ धुळ्याचं आहे, गाल नाशिकचे आणि हनुवटी इगतपुरीची. मानेला तर स्वतंत्र तालुक्याचा दर्जा द्यावा लागेल. नक्की कोणाशी जुळवायचं?

शेवटी जबड्यावर तीन शेड्सचे तीन पट्टे ओढून घेतले. दुकानातल्या पांढऱ्याफेक उजेडात तिन्ही सारखेच दिसत होते, म्हणून बाहेर आले. रस्त्याकडेला लावलेल्या एका मोटारसायकलच्या आरशात वाकून, मान तिरकी करून बघायला लागले. जो पट्टा दिसेनासा होईल तो आपला, असा नियम आहे. मी डोळे बारीक करून आपला नाहीसा होणारा पट्टा शोधत होते.

"ताई, गाडी काढायची होती." मागे एक आजोबा किल्ली घेऊन उभे होते. कधीपासून, कोण जाणे. त्यांनी माझ्या गालाकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "मधला."

मी मधलाच घेणार होते, पण पुतणीची ताकीद होती: अर्धा तास थांब. म्हणून कोपऱ्यावर जाऊन मिसळ मागवली. शेजारच्या टेबलावर आमच्या सोसायटीतल्या काकू निघाल्या. "अगं बाई! मांजरीने ओरबाडलं की काय?" त्यांना समजावून रस्सा दुसऱ्यांदा घेईपर्यंत मधला पट्टा विटकरी झाला होता. याला ऑक्सिडाइझ होणं म्हणतात. फाउंडेशनला रंग येतो तो पिवळ्या, लाल आणि काळ्या आयर्न ऑक्साइडने. त्यात चेहऱ्याचं तेल मिसळलं की तो गडद दिसू लागतो. आपला गेरूसुद्धा आयर्न ऑक्साइडच. म्हणजे तुळशीवृंदावन आणि मी एकाच घराण्यातल्या, फक्त तिला 10 रुपयांच्या पुडीत भागतं.

रिहाना नावाच्या गायिकेने 2017 मध्ये एकदम 40 शेड्सचं फाउंडेशन बाजारात आणलं, असं पुतणी सांगत होती. आमच्या दुकानात सहा होत्या, त्यातल्या दोन 'पुढच्या आठवड्यात येतील' अशा. शेवटी दुकानातल्या मुलीनेच तोडगा काढला: गडद बाटली घ्या आणि पहिल्या फिक्या बाटलीत मिसळा. घरी येऊन मी चमच्याने प्रमाण काढायला बसले. एकास दोन केलं तर लोकवन, एकास तीन केलं तर खपली.

लग्नाच्या दिवशी सकाळी फिकी बाटली जागेवर नव्हती. शोधत सासूबाईंच्या खोलीत गेले. त्या खिडकीपाशी बसल्या होत्या आणि चेहरा इतका नितळ दिसत होता की फाउंडेशन लावलंय हे मला फक्त बोटाला राहिलेल्या थेंबावरून कळलं. शिरा नाहीत, पट्टे नाहीत, मिसळ नाही. मानेपर्यंत बेमालूम.

मी दारातच उभी. त्यांनी बाटली डोळ्यांपासून लांब धरली, खालची बारीक अक्षरं वाचायचा प्रयत्न केला आणि मला विचारलं, "यात माझा नंबर कितवा म्हणायचा गं?"