च्या झाल्याबिगर किल्ला न्हाई

दौलताबाद ते वेरूळ हा टापू येणाऱ्याला सहज आत घेतो, पण सोडताना फार कुरकुर करतो. महंमद तुघलकानं 1327 च्या सुमारास दिल्लीची राजधानी उचलून इथं आणली, आणि पुढं परत दिल्ली गाठताना लोकांचे पुन्हा तेवढेच हाल झाले. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह 1687 नंतर इथल्या चिनी महालात कैदेत पडला, तो अखेरपर्यंत. औरंगजेब दख्खन जिंकायला म्हणून उतरला आणि 1707 मध्ये नगरला वारल्यावर खुलताबादेत पुरला गेला. या यादीत पुढचं नाव माझं. ते सगळे आपापल्या कारणांनी आले. मला हिच्या मामांनी फोन करून बोलावलं.

माझा बेत साधा होता. सकाळी देवगिरीचा, म्हणजे दौलताबादचाच, किल्ला, दुपारी खुलताबाद, सूर्यास्ताच्या आत वेरूळ. सगळं पंधरा-वीस किलोमीटरच्या पट्ट्यात. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात म्हणून वार बुधवार निवडलेला. एवढ्या अभ्यासात एकच गोष्ट धरली नव्हती, की मामांच्या गावात मी पर्यटक नसून जावई आहे.

जावयाला गावात नुसतं चालता येत नाही. प्रत्येक ओट्यावर सतरंजी पडते, पाण्याचा तांब्या येतो आणि चुलीवर दूध चढतं. मी घड्याळ दाखवून मामांना म्हणालो, "मामा, किल्ला राहील हो."

"किल्ला कुठं पळून चाललाय, जावईबापू? आठशे वर्षं हाय तिथंच हाय. च्या मातर गार व्हईल."

भिल्लम यादवानं बाराव्या शतकात ही राजधानी वसवली, म्हणजे मामांचा हिशोब बरोबर होता. इतिहासात हरलो की मी चहा पितो.

बरं, एका घरी घेऊन सुटका नाही. वरच्या आळीत चहा घेतला आणि खालच्या आळीत टाळला, तर त्याचा अर्थ ग्रामपंचायतीत मी वरच्या पॅनलचा. मला तिथं मतदान नाही, पण मामांना आहे. म्हणून मी दोन्ही पॅनलांचा चहा समसमान प्यालो. वर प्रत्येक घरी टॉवेल, टोपी, नारळ. नवी टोपी चढवायची तर आधीची उतरवावी लागते. उतरवलेल्या टोप्या मेव्हणा इमानदारीनं पिशवीत भरत होता. साखरेबद्दल बोलत नाही. चहा चमच्यानं ढवळताना चमचा थोडा विचार करत होता, एवढंच.

मध्येच मामांनी प्रेक्षणीय स्थळ म्हणून त्यांची विहीर दाखवली. मी वाकून "वा" म्हणालो. तेवढ्यानं भागलं नाही. किती फुटांवर कातळ लागला, सुरुंगाला किती खर्च आला, काढलेला दगड कुणाच्या बांधावर टाकला आणि त्यावरून भावकीत कुणाचं कुणाशी बोलणं बंद आहे, हे सगळं काठावर उभ्यानं ऐकावं लागलं. पाठीमागं किल्ल्याचा डोंगर आणि चांदमिनार लख्ख दिसत होते. त्यांच्याकडं पाठ करून उभं राहण्याची त्या गावाला पिढ्यान्‌पिढ्यांची सवय असावी.

मग जेवण. मामींच्या आग्रहापुढं "नको" हा शब्द चालत नाही. तो वाढण्याचा इशारा समजला जातो. अल्लाउद्दीन खिलजी 1296 मध्ये चालून आला तेव्हा गडावर धान्याची म्हणून चढवलेली पोती मिठाची निघाली आणि देवगिरीच्या यादव राजाला, रामदेवरायाला, तह करावा लागला, असं सांगतात. मामी तेव्हा गडावर असत्या तर तहाची वेळ आली नसती. खिलजीच पाटावर बसून "बास, बास" म्हणत राहिला असता.

असा भरल्या पोटी मी दुपारच्या उन्हात देवगिरी चढलो. चारी बाजूंनी तासलेला उभा कातळ, खाली खंदक, आणि वर जायला ती प्रसिद्ध अंधारी. शत्रू या भुयारात चाचपडायला लागला की वरच्या तोंडाशी आग पेटवून धुरानं त्याला गुदमरवायचे. आता आत फक्त वटवाघळं आहेत आणि त्यांचा वास. पुरणपोळी पोटात असेल तर तेवढा बंदोबस्त पुरतो. चिनी महालापाशी मी दम खात थांबलो आणि तानाशाहाविषयी मला अगदी भावाची माया वाटली. त्याला निदान कुणी टोपी घालत नव्हतं.

खुलताबादेत निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याची कबर बघायची होती. ती राहिली, कारण भद्रा मारुतीला न जाणं मामांच्या हिशोबात बसत नव्हतं. हा मारुती निजलेला आहे. हनुमान जयंतीला लोक रात्रभर पायी चालत त्याच्या दर्शनाला येतात, आणि तो आडवाच. दिवसभरात मी हेवा केला तो फक्त त्याचा: एवढी पाहुण्यांची वर्दळ, पण "उठा, च्या घ्या" म्हणायची कुणाची टाप नाही.

वेरूळला पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. कैलास लेण्याचं अंगण गाठलं. राष्ट्रकूट कृष्ण पहिला याच्या काळात, आठव्या शतकात, वरून खाली कोरत आणलेलं अख्खं देऊळ. मागची कड्याची भिंत शंभरेक फुटांची. माझ्याकडं पाठ केलेली बरीच माहिती होती आणि ती मी मामांना सुरू केली. मामा ऐकत नव्हते. मान वर करून ते कडेचा कातळ बघत होते, मग अंगण, मग परत कातळ.

"जावई, ह्याचा दगुड कुठं टाकला असंल?"

मी गप्प. लाख-दोन लाख टन दगड निघाला असावा असा अंदाज मी वाचला होता, पण तो ठेवायला बांध कुणाचा, हे कुठंच वाचलं नव्हतं.

"माझी एवढीशी हीर, तर चुलता अजून बोलत न्हाई. इथं तर काय झालं आसंल!"

मामांनी राष्ट्रकूटांच्या भावकीचा विषय हाती घेतला आणि नंदीमंडपापासून हत्तींच्या ओळीपर्यंत ढिगारा कुठं जिरला असेल याची पाहणी चालू केली. मला शिखर बघायचं होतं. मी पायथा मोजत फिरलो. तेवढ्यात लेणी बंद व्हायची शिट्टी झाली. शिट्टीवाला जवळ आला. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी हाकलणार म्हणून मी मनापासून खूश झालो.

त्यानं माझ्या डोक्यावरची कोरी टोपी पाहिली, मामांकडं पाहिलं आणि शिट्टी खिशात टाकली.

"जावई वाटतं? मग असं कसं जाता? घर हितंच हाय."