यमाचा रेडा चालतो, माझा याक नाही

'य' वरून जंगली प्राणी सांगा बघू. याक सोडून काही येतं डोक्यात? माझ्याही नाही आलं, म्हणून नाव-गाव-फळ-फूलच्या कागदावर मी मोठ्या अक्षरात याक लिहिलं आणि साडूभाऊंनी त्यावर फुल्ली मारली.

"याक पाळीव. आपला कॉलम जंगली प्राण्यांचा आहे."

हा जंगलीचा नियमही त्यांचाच बरं का, लोक सारखे गाय-म्हैस लिहितात म्हणून. मी म्हटलं, अहो, जंगली याक असतो की, तिबेटच्या पठारावर, नर पार हजार किलोच्या घरात जातो, 1883 साली प्रझेवाल्स्कीने त्याला वेगळं शास्त्रीय नाव दिलंय, तोच तो, ज्याच्या नावाचा जंगली घोडा आहे.

"घोडा पण पाळीवच असतो."

मग त्यांनी मोबाईल काढला. (खेळताना मोबाईल बंद, हाही त्यांचाच नियम, मी गुगल करतो म्हणालो तेव्हा लगेच ऐकवला होता.) बराच वेळ अंगठा घासून गॅलरीतून एक फोटो शोधला आणि माझ्या नाकासमोर धरला. साडूभाऊ याकवर बसलेत, काळा गॉगल, याकच्या शिंगांना लाल गोंडे, दोरी कुणातरी तिसऱ्याच माणसाच्या हातात. "जंगली असता तर मला बसू दिलं असतं का?" सगळे खो खो हसले. त्या याकचं तोंड बघता त्याने काही आनंदाने बसू दिलं होतं असं नाही, पण त्याला विचारतो कोण.

इथवर मी गिळलं असतं. पण त्यांच्या चिरंजीवांनी लिहिलं होतं 'यमाचा रेडा', आणि त्याला दहा मार्क!

"हा जंगली?" मी.

"मग? कोणाच्या गोठ्यात बांधलाय का?"

"यमाच्या!"

"तुम्ही बघितलाय यमाचा गोठा?"

आता याला काय बोलणार. बघितला असता तर मार्क मागायला परत आलो असतो का? मी म्हटलं, "अहो पण यम त्याच्यावर बसतो ना, बसू देतो तो पाळीव, हे तुम्हीच आत्ता म्हणालात."

"देवांचं वेगळं असतं."

खरं तर अक्षरांचंच वाटप चुकलंय. इंग्रजीत खेळणाऱ्यांना एक्सला झेरस मिळतो, ती आफ्रिकेतली जमिनीवरची खार, क्यूला क्वाग्गा आहे, फक्त पुढच्या अर्ध्या अंगावर पट्टे असलेला झेब्रा, शेवटचा 1883 सालीच ॲम्स्टरडॅमच्या झूमध्ये मेला, म्हणजे तिकडे याकचं बारसं त्याच वर्षी इकडे याचं तेरावं. पण मराठीत झेरस झेब्र्याच्या शेजारी जाऊन बसतो, क्वाग्गा 'क'च्या गर्दीत घुसतो, आणि ठ, ण तसेच ओसाड. मी 'ओ'साठी ओकापी राखून ठेवला होता, कांगोच्या जंगलातला, जिराफाचा भाऊबंद, 1901 पर्यंत शास्त्रज्ञांनासुद्धा नीट माहीत नव्हता. 'ओ' येतच नाही. कसा येईल, मनातल्या मनात बाराखडी म्हणणार साडूभाऊ आणि 'स्टॉप' ओरडणार त्यांचं पोरगं!

वर मलाच म्हणे, "मनावर घेऊ नका हो, खेळच तर आहे." हे नेहमी जिंकणाराच का म्हणतो? हरणाऱ्याने तोंड उघडलं की तो रडका, आणि ज्याने खेळताखेळता नियम वाकवले तो मात्र दिलदार. डोकं फिरतं.

पुढचं अक्षर 'उ'. उंट लिहिलाच नाही. गोबीच्या वाळवंटात अस्सल जंगली उंट आहेत, हजारेकच उरलेत, पण साडूभाऊंचा उंटावरचाही फोटो असणार. लिहिलं उदमांजर. ते मांजराच्या कुळातलंसुद्धा नाही.

"मांजर? पाळीव."

चिरंजीवांचा उंदीर, दहा मार्क. "उंदीर कोणी पाळतं का?" मी गणपतीचं नाव काढणार होतो, पण देवांचं वेगळं असतं.