माणसं तीन, रेपो अकरा

चिकलठाणा एमआयडीसीत तुमची तीन माणसांची कंपनी असेल आणि लातूरच्या आडत्यांना तुम्ही हिशोबपट्टीचं सॉफ्टवेअर विकत असाल, तर आधी कोडच्या वाटण्या करून घ्या. लॉगिनचा रेपो, म्हणजे कोड ठेवायची कोठी, वेगळा, एसएमएसचा वेगळा. हमाली-तोलाई कापणाऱ्या पन्नास ओळींचा तर हमखास वेगळा. 'रियूजेबल आहे' म्हणायचं. दुसरं कोणी वापरत नसलं तरी म्हणायचं. भावकीतही एवढ्या पटापट वाटण्या होत नाहीत.

मग हे तुकडे मुख्य रेपोत सबमॉड्यूल म्हणून, म्हणजे रेपोच्या पोटात दुसरा रेपो म्हणून, अडकवा. नव्या पोराला काही सांगू नका. उदगीरचं पोरगं नुसतं क्लोन करतं, म्हणजे रेपोची नक्कल उतरवून घेतं, आणि दुपारी विचारतं, "सर, फोल्डर तर रिकामंच आलंय की!" सबमॉड्यूल वेगळं ओढावं लागतं, हे तेव्हा चहा पितापिता सांगावं. सबमॉड्यूल ठरावीक कमिटलाच, म्हणजे कोडच्या एका नोंदवलेल्या अवस्थेलाच, बांधलेलं असतं, हे पुढच्या महिन्यासाठी राखून ठेवा.

टॅग लावायच्या भानगडीत पडू नका. आवृत्तीला नंबर दिला की कोणत्या दुकानात कोणता हिशोब चालतो ते कळतं, आणि कळलं की निस्तरावं लागतं. ज्याने त्याने जमेल तेव्हा मेन ब्रँच, म्हणजे मुख्य धारेतला ताजा कोड, ओढावी. ऐन सोयाबीनच्या हंगामात तोलाईचं राउंडिंग बदला. मार्केट यार्डात शेजारशेजारच्या दोन आडत्यांकडे तेवढ्याच वजनाच्या, त्याच भावाच्या दोन पट्ट्या निघतील, आकडे मात्र वेगळे. शेतकरी दोन्ही पट्ट्या धरून उभा राहिला की आडत्या तुम्हाला फोन लावेल. उचलू नका.

कंटाळा आला तर दुसऱ्या टोकाला पळा. सगळं एकाच रेपोत कोंबा, त्याला मोनोरेपो म्हणा आणि गूगलचं नाव घ्या : जानेवारी २०१५ मध्ये त्यांच्या एका रेपोत ८६ टेराबाइट माल होता, कोडच्या सुमारे २०० कोटी ओळी. त्यासाठी त्यांनी पायपर नावाची स्वतःची यंत्रणा उभारली, बदलाचा फटका कुठवर बसतो ते शोधून तेवढंच तपासायची सोय केली, हा भाग गिळून टाका. तुमच्याकडे एसएमएसमधला ऱ्हस्व-दीर्घ सुधारला तरी सगळ्या चाचण्या चालल्या पाहिजेत. मध्येच लाइट गेली तर पुन्हा पहिल्यापासून. बाहेरच्या माणसाला फक्त लॉगिनचं काम दिलंय? हे रेपो ज्यात ठेवता त्या गिटमध्ये एकच फोल्डर वाचायची परवानगी देता येत नाही. देऊन टाका सगळं घरदार.

आणि हमालीचं मॉड्यूल नेमकं सांभाळणार कोण, असं मीटिंगमध्ये कोणी विचारलंच, तर तत्काळ म्हणा, "ते नंतर. आधी ठरवा, मोनोरेपो की मल्टीरेपो?" सात तिथेच वाजतात.