मनगटासाठी कायदा सैल नको

रात्री अडीचला हाताला मुंग्या येऊन जाग येते, हात झटकला की जरा बरं वाटतं, सकाळी भाकरी थापताना अंगठा आणि पहिली दोन बोटं बधीर. कोल्हापुरात अशा माणसाचा अनेकदा आधी मानेचा एक्स-रे निघतो. तिकडे ब्रिटनमध्ये हाताच्या कित्येक दवाखान्यांत डॉक्टर तिथल्या तिथे सोनोग्राफीचा प्रोब (अंगावर टेकवायचा भाग) मनगटावर ठेवून दबलेली नस, म्हणजे मीडियन नर्व्ह, बघतात. या दुखण्याला कार्पल टनेल म्हणतात. आपल्याकडे हे का नाही, असं विचारलं की बोट गर्भलिंगनिदानबंदीच्या १९९४ च्या कायद्याकडे जातं. प्रत्येक मशीनची नोंदणी, मशीन नोंदणीच्या जागेबाहेर नेण्यावर बंधनं. म्हणून सांधे आणि मनगट बघणाऱ्यांना सूट द्या, अशी मागणी होते.

मला ही मागणी मान्य नाही. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८३९ मुली होत्या. म्हणूनच सोनोग्राफी मशीनला ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’, म्हणजे तपासण्यांची नोंद ठेवणारं उपकरण, जोडण्याचा प्रयोग इथे झाला. मनगटाचा प्रोब उथळच बघतो, पोटातलं त्याला दिसत नाही, हे खरं. पण त्याच मशीनला पोटाचा प्रोब लागतो, आणि हातात मावणाऱ्या काही नव्या यंत्रांत तर नुसतं बटण दाबून स्नायूवरून पोटावर जाता येतं. ब्रिटनमध्ये ‘सोनोग्राफर’ या नावालाही कायद्याचं संरक्षण नाही, म्हणजे ते कुणीही लावू शकतं; बाळाचे फोटो काढून देणारी दुकानं बाजारपेठेत आहेत. ही मोकळीक आपल्या जिल्ह्याला परवडणार नाही.

आणि तिची गरजही नाही. थायरॉइडची सोनोग्राफी करणाऱ्या नोंदणीकृत सेंटरमध्ये लिनिअर प्रोब, म्हणजे उथळ भाग बघणारा सपाट प्रोब, असतोच. १२ मेगाहर्ट्झ किंवा त्याहून वरचा असला तर मनगटाला उत्तम. अडतं ते मोजण्यापाशी.

तळहात वर, बोटं सैल. प्रोब मनगटाच्या घडीवर आडवा, करंगळीच्या बाजूच्या पिसिफॉर्म हाडाच्या पातळीवर. प्रोब थोडा कलता केला की स्नायुबंध (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या) पडद्यावर काळे पडतात. मीडियन नर्व्ह तितकी बदलत नाही, तेव्हा ती ओळखू येते. मग प्रोब पुन्हा नसेला काटकोनात आणून नसेच्या चकाकत्या कडेच्या आतून रेघ फिरवायची. कडही आत घेतली तर आकडा फुगतो. प्रोब तिरका राहिला तरी फुगतो. जेल कमी घालून दाबलं तर नस चपटी होते. या रेघेच्या आतलं क्षेत्रफळ साधारण १० चौरस मिलिमीटरपर्यंत असेल तर बहुतेकांची नस निरोगी असते, १२ च्या वर संशय पक्का होत जातो. मधुमेहात मात्र नस सगळीकडेच जाड असू शकते, म्हणून मनगटापासून १२ सेंटिमीटर वर, कोपराच्या दिशेने, दुसरं माप घ्यायचं. मनगटाचं माप त्याच्या १.४ पट किंवा जास्त असेल, तर अडचण मनगटातच आहे. काहींची नस मुळातच दुभंगलेली असते. तिथे दोन्ही भाग मोजून बेरीज करावी लागते. हे न कळल्याने अर्धीच नस मोजली जाते आणि रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो. नसेशेजारी जास्तीची धमनी, गाठ किंवा सुजलेलं आवरण असलं तर तेही दिसतं. शस्त्रक्रियेआधी सर्जनला हे कळणं मोलाचं.

नस किती काम करते, हे सोनोग्राफी सांगत नाही. अंगठ्याच्या मुळाचा मांसल भाग खपाटीला गेला असेल, किंवा मानेतून दुखणं खाली उतरत असेल, तर नर्व्ह कंडक्शनची, म्हणजे नसेतून संदेश किती वेगाने जातो याची, तपासणी हवीच. तीही हात गरम करून; गार हातात वेग खोटा मंदावतो.

तेव्हा शिरोलीच्या फाउंड्रीत ग्राइंडर धरणाऱ्या किंवा हुपरीत चांदीकाम करणाऱ्या पेशंटच्या हाती चिठ्ठी देताना ‘मनगटाची सोनोग्राफी’ एवढंच लिहू नका. लिहा: ‘दोन्ही हातांची मीडियन नर्व्ह, पिसिफॉर्मपाशी आणि १२ सेंटिमीटर वर, क्षेत्रफळ चौरस मिलिमीटरमध्ये, दुभंगलेली आहे का, धमनी आहे का.’ रिपोर्टात नुसतं ‘नस जाड’ आलं, तर आकडा मागून घ्या.