शिलेदार की बारगीर? जवानाच्या किटचे पैसे कुणी भरायचे

कारगिल दिवस किंवा १५ ऑगस्ट जवळ आला की मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो: "आपल्या जवानांना बूटसुद्धा स्वतःच्या खिशातून घ्यावे लागतात." खाली हात जोडलेल्यांची रांग. कुणी सरकारला शिव्या घालतं, कुणी वर्गणी काढू या म्हणतं. मेसेज धड खरा नाही, धड खोटाही नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी कागदावर काय आहे ते पाहू. सातव्या वेतन आयोगानंतर, १ जुलै २०१७ पासून, गणवेश, धुलाई, बूट, किटची देखभाल असे सुटे भत्ते बंद होऊन एकच ड्रेस अलाउन्स सुरू झाला. अधिकाऱ्याला वर्षाला २०,००० रुपये, जेसीओ (सुभेदार वगैरे कनिष्ठ अधिकारी) आणि जवानांना १०,०००. महागाई भत्ता ५० टक्क्यांना पोचला की हा आकडा २५ टक्क्यांनी वाढतो. तो टप्पा १ जानेवारी २०२४ ला आला आणि आकडे २५,००० व १२,५०० झाले. रक्कम जुलैच्या पगारात एकदाच येते. जवानाच्या वाट्याला महिन्याचे पडतात १,०४१ रुपये. त्यात धुलाई, शिलाई, फिती, नेमप्लेट, पॉलिश आणि स्टोअरमधून न मिळणारं सगळं बसवायचं. बाकीचं किट स्टोअरमधून इश्यू होतं आणि प्रत्येक वस्तूची मुदत ठरलेली असते. अधिकारी मात्र मेस ड्रेससकट (मेसमधल्या समारंभी जेवणाचा पोशाख) गणवेश स्वतःच शिवून घेतो. १ ऑगस्ट २०२३ पासून ब्रिगेडियर आणि त्यावरच्या सगळ्यांचा गणवेश एकसारखा झाला: बॅरे, बॅज, बेल्टचं बक्कल, बूट सगळं बदललं. आदेशाचा कागद एक पानाचा असतो, शिंप्याचं बिल वेगळं.

अजून एक बारीक गोष्ट, जी पगाराची स्लिप नीट वाचणाऱ्यालाच कळते. जुन्या करप्रणालीत गणवेशावर प्रत्यक्ष जेवढा खर्च झाला तेवढा भत्ता करमुक्त असतो. नव्या प्रणालीत ही सूट नाही. म्हणजे सक्तीच्या कपड्यांसाठी मिळालेल्या पैशावरही कर.

आता बूट. डीएमएस (डायरेक्ट मोल्डेड सोल) या लष्करी बुटाचा तळवा वरच्या चामड्याला साच्यातच ओतून जोडलेला असतो. त्याला शिवण नाही, त्यामुळे तळवा झिजला की मोची तो उसवून नवा लावू शकत नाही. बूट गेला म्हणजे गेला. मग माणूस बाजारातून हलका, मऊ बूट आणतो. त्यात बऱ्याचदा पॉलियुरेथेनचा थर असतो आणि या थराला दमट हवेचं वावडं आहे. ओलाव्याने त्याचे रासायनिक बंध तुटत जातात. मुंबईत दोन-तीन पावसाळे कपाटात पडून राहिलेला कोरा बूट पायात घातला की तासाभरात तळव्याचा भुगा पडू शकतो. दोष वापरण्यात नसतो, साठवण्यात असतो. जोडी घेताना तळव्यावरची किंवा आतल्या पट्टीवरची उत्पादनाची तारीख बघा, वर्षाहून जुनी असेल तर सोडून द्या. आणि ठेवणीतला बूट अधूनमधून वापरा. नुसता जपून ठेवलेला लवकर मरतो.

कॉम्बॅटचं, म्हणजे लढाईच्या गणवेशाचं, दुखणं वेगळं. नवा डिजिटल नक्षीचा गणवेश १५ जानेवारी २०२२ ला आला. सुती-पॉलिएस्टर ७०:३० कापड, नक्षीचे हक्क लष्कराच्या नावावर नोंदलेले, खुल्या बाजारात विकायला मनाई. पहिले ५०,००० सेट कॅन्टीन स्टोअर्स डिपार्टमेंटच्या १५ डेपोंतून देण्यात आले, त्यात मुंबई आणि खडकीही होते. जवानांना इश्यू करायला ११.७० लाख सेटची खरेदी वेगळी. या दोन टप्प्यांमधल्या फटीत नकला शिरल्या. लांबून नक्कल ओळखू येत नाही, पण पॉलिएस्टर जास्त असेल तर घाम सुकत नाही आणि आगीजवळ कापड वितळून कातडीला चिकटतं. शिवाय रात्रीच्या दुर्बिणीला रंग दिसत नाहीत, कापड अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश किती परत फेकतं ते दिसतं. नकलेत तो हिशेब कुणी केलेला नसतो. खरा गणवेशही धोबी बिघडवू शकतो: खळ आणि इस्त्रीने चकाकी येते, पांढरेपणा वाढवणाऱ्या पावडरीने कापड अंधारात उजळ दिसतं. साधा साबण, सावलीत वाळवणं, खळ अजिबात नाही.

इथपर्यंतचा खर्च भत्त्यात घालायला माझी हरकत नाही. कपडे झिजतात, माणसं जाडबारीक होतात, प्रत्येकाला आपल्या मापाचं हवं असतं. जे गोळी किंवा थंडी अडवतं, ते मात्र जवानाच्या खिशावर टाकणं सरळ चूक आहे. पैशांपेक्षाही मोठं कारण म्हणजे त्याला ते तपासता येत नाही. बुलेटप्रूफ जाकिटाची सिरॅमिक प्लेट हातातून पडली तर आत तडा जाऊ शकतो, वरचं कापड जसंच्या तसं राहतं, तडा एक्स-रेमध्येच दिसतो. आपल्याकडे यासाठी आयएस १७०५१ हे मानक २०१८ मध्ये आलं. लॉटमधले नमुने काढून त्यांच्यावर खऱ्या गोळ्या झाडायच्या असतात. एकटा गिऱ्हाईक हे कुठे करणार? जाकिटांच्या दर्जावरून २६/११ नंतर काय रणकंदन झालं ते मुंबईकरांना आठवत असेल. आणि वेळेचं म्हणाल तर १,८६,१३८ जाकिटांच्या खरेदीला मंजुरी २००९ ची, करार एप्रिल २०१८ चा.

सियाचिनचंही तेच. फेब्रुवारी २०२० मध्ये संसदेत आलेल्या कॅगच्या अहवालात बर्फातल्या गॉगलचा तुटवडा ६२ ते ९८ टक्के नोंदवलाय. नोव्हेंबर २०१५ ते सप्टेंबर २०१६ मध्ये बहुउद्देशी बूट आलेच नाहीत, जुने दुरुस्त करून वापरावे लागले. कागदावर सगळं फुकट होतं, फक्त स्टोअरमध्ये नव्हतं.

सामान सरकारने द्यायचं की सैनिकाने आणायचं, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारी पागेतून मिळायचं, शिलेदार स्वतःचं घेऊन यायचा. इंग्रजांनी आपल्या हिंदी घोडदळात शिलेदारी उचलली: भरती होताना स्वाराने घोड्यापोटी अनामत भरायची. शांततेत ते फार स्वस्त पडलं. १९१४ ला रेजिमेंटी समुद्रापार गेल्या आणि मेलेल्या घोड्यांची भरती करायला मागे काही उरलंच नाही. युद्धानंतर १९२१ च्या फेररचनेत पद्धत मोडीत निघाली.

आता माझं म्हणणं. किट निष्काळजीपणाने हरवलं तर आर्मी अ‍ॅक्ट १९५० च्या कलम ९१ खाली जवानाच्या पगारातून वसुली होते. कलम ९४ प्रमाणे एका महिन्यात निम्म्याहून जास्त पगार कापता येत नाही, एवढीच मेहेरबानी. मग हीच वही उलटीही चालवा. बूट-कपड्यांची मुदत संपली आणि बदली वस्तू आली नाही, तर तिची किंमत पुढच्या पगारात आपोआप जमा व्हावी, अर्ज न मागता. अमेरिकेने इराक युद्धात हे उशिरा का होईना केलं: सैनिकांनी आणि घरच्यांनी विकत घेतलेल्या संरक्षक सामानाचे वस्तूमागे १,१०० डॉलरपर्यंत परत देण्याचा कायदा २००४ मध्ये झाला. पण २००६ मध्ये त्यांच्याच लष्कराने बाहेरून घेतलेल्या चिलखतावर बंदी घातली, कारण तेच, तपासलेलं नाही. म्हणून जाकीट आणि बर्फाच्या कपड्यांच्या बाबतीत पैसे नकोत, वस्तूच द्या.

आणि सोसायटीत वर्गणी जमलीच असेल तर बूट-जाकिटं घ्यायला धावू नका. आर्म्ड फोर्सेस बॅटल कॅज्युअल्टीज वेल्फेअर फंडात भरा. कुणाच्या पायाचा नंबर काय, ते तुम्हाला ठाऊक नाही.