‘अर्धी गोळी वाढवा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेला महिनाभर कोल्हापुरातल्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. मला तो चार ठिकाणांहून आला. एडीएचडी (लक्ष टिकत नाही, एका जागी बसवत नाही) असलेल्या मुलांसाठी ‘अनुभवी पालकांचा सल्ला’ म्हणे: वजन वाढलं की डोस वाढवायचा, शाळेतून तक्रार आली की अर्धी गोळी जास्त द्यायची, गिळता येत नसेल तर गोळी कुटून मधातून द्यायची, आणि सुट्टीत औषध बंद, नाहीतर सवय लागते.

माझा मुलगा पाचवीत आहे, तीन वर्षं एडीएचडीसाठी मिथाइलफेनिडेट हे औषध घेतोय. मी डॉक्टर नाही. पण दुसऱ्या सल्ल्याच्या वाटेनं आम्हीच निघालो होतो, म्हणून आधी त्याचंच सांगते.

चौथीपर्यंत त्याची शाळा सकाळची. सातला नाश्ता, गोळी, की रिक्षावाले मामा दारात. पाचवीत शाळा अकरा ते पाच झाली. शाळेची वेळ बदलली, गोळीची मात्र तीच राहिली. दोन आठवड्यांत वहीत बाईंचा शेरा: ‘वर्गात एक मिनिट बसत नाही.’ हे म्हणाले, डोस कमी पडतोय. मलाही पटलं.

आता हिशेब बघा. साधी गोळी अर्ध्या-पाऊण तासात लागू पडते आणि तीन-चार तासांत उतरते. सातची गोळी अकराच्या घंटेला संपतच आलेली. म्हणजे औषधाचं सगळं काम घरी, पेपर वाचणाऱ्या आजोबांसमोर चाललेलं, आणि शाळेच्या वाट्याला काहीच नाही. अर्धी गोळी वाढवली असती तर सकाळी नऊला पोरगं नको इतकं गप्प आणि दुपारी परत तेच.

डॉक्टरांनी डोसला हात लावायच्या आधी आठ दिवसांची वही मागितली. गोळी किती वाजता, डबा किती संपला, कधी बिथरला, कधी झोपला. बाईंकडूनही तासागणिक दोन शब्द. मग जास्त वेळ चालणारी गोळी दिली, सकाळच्या जेवणाबरोबर. ती अजून उशिरा द्यावी असं मला वाटत होतं. ते नको म्हणाले, रात्रीची झोप लांबते.

संध्याकाळी औषध उतरताना तासभर चिडचिड होते, ती अजून आहे. मेसेजवाले तिलाही ‘डोस कमी’ म्हणतील. पण उतरतानाची चिडचिड वेगळी आणि दिवसभर डोस अपुरा असणं वेगळं. उलट डोस जास्त झाला तरी मूल वर्गात पुतळ्यासारखं बसतं, आणि तेव्हा शाळेतून कौतुकच होतं! म्हणून मी हल्ली बाईंना ‘शांत बसतो का’ असं विचारतच नाही. ‘हसतो का, हात वर करतो का’ असं विचारते.

वजनाचं अर्धसत्य आहे. अॅटोमॉक्सेटिन हे एडीएचडीचं दुसरं औषध लहान मुलांना किलोच्या हिशेबानं देतात. मिथाइलफेनिडेटचं तसं सरळ गणित नाही; थोड्यावर सुरू करून, आठवड्या-आठवड्यानं परिणाम आणि त्रास बघत डोस ठरतो. अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या, एडीएचडीच्या उपचारांची तुलना करणाऱ्या एमटीए अभ्यासात ५७९ मुलं होती. तिथं औषधाचा डोस ठरवताना २८ दिवस वेगवेगळे डोस देऊन पालकांच्या आणि शिक्षकांच्या नोंदी पाहिल्या गेल्या. उंची-वजन अधूनमधून मोजायचं ते औषधानं भूक मंदावून वाढ अडत नाही ना हे बघायला, आणि नाडी, रक्तदाब मोजायचा तो हृदयावरचा परिणाम बघायला.

कुटण्याचं मला कळतं. बाळगुटी उगाळून वाढलेल्या घरात गोळी उगाळणं म्हणजे मायाच. पण जास्त वेळ चालणारी गोळी कुटली किंवा चावली तर दिवसभर पुरवायचं औषध एकदम अंगात उतरतं. काही कॅप्सूल उघडून आतले दाणे मऊ पदार्थावर घालून देता येतात, सगळ्या नाही. औषधाच्या दुकानात विचारून घ्या. तिथं जाणार असाल तर गोळ्या संपायच्या आधी जा. मिथाइलफेनिडेट अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतं, चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि प्रत्येक दुकानात नसतंही.

बहुधा त्या कायद्यावरूनच ‘सवय लागते’ ही भीती आली असावी. पण डॉक्टरांनी ठरवलेल्या डोसनं उपचार घेतलेली मुलं त्यामुळे पुढे व्यसनाकडे वळतात, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. सुट्टीत औषध थांबवतात हे खरं आहे, पण ते बहुतेक वेळा भूक आणि उंचीसाठी, डॉक्टरांशी ठरवून. अॅटोमॉक्सेटिनला तर अशी शनिवार-रविवारची सुट्टी चालतच नाही. त्याचा पूर्ण परिणाम दिसायलाच काही आठवडे लागतात.

आणि आमच्या पोराचा रविवार म्हणजे काही रिकामा दिवस नसतो. गांधी मैदानावर पेठेतल्या पोरांची मॅच असते. मागे एकदा डॉक्टरांना विचारूनच गोळी न देता पाठवला. गोलकीपर होता. पाच गोल खाल्ले. एका गोलाच्या वेळी वर घारी मोजत होता म्हणे. पोरांनी पुढच्या रविवारी त्याला खेळायला घेतलंच नाही. रात्री मटणावर मात्र त्यानं आडवा हात मारला होता. वहीत मी दोन्ही लिहून ठेवलंय, पुढच्या तपासणीला दाखवायला.